कॅमेऱ्यांसाठी स्विच, रेकॉर्डर आणि डिस्क घेताना हिशेब रात्रीचा धरा

कॅमेरे बसवून झाले की सगळे दुपारी पडद्यासमोर उभे राहतात. आठही चौकटींत झकास चित्र दिसतं, माना डोलतात, बिल चुकतं होतं. मला फोन येतो तो पुढे कधीतरी, आणि तक्रार ठरलेली असते. "मॅडम, संध्याकाळी सातनंतर मागच्या गेटचा कॅमेरा जातो आणि सकाळी आपोआप येतो." नाहीतर, "तीस दिवसांचं रेकॉर्डिंग राहील म्हणाले होते, पण सव्वीस-सत्तावीस दिवसांच्या मागचं काहीच सापडत नाही."

यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. सामान घेताना आकडे दिवसाचे धरलेले असतात, तिथेच गोम आहे. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि तो दिवसाच्या जवळपास दुप्पट वीज ओढायला लागतो. उजेड कमी म्हणून सेन्सर सिग्नल वाढवून घेतो, चित्रात दाणे उठतात, आणि चित्र दाबून डेटा लहान करणाऱ्या एन्कोडरच्या लेखी हे वळवळणारे दाणे म्हणजे हालचालच. मग डेटाही वाढतो. स्विच (कॅमेऱ्यांच्या केबल जिथे एकत्र येतात तो नेटवर्कचा डबा), रेकॉर्डर, डिस्क, यूपीएस या सगळ्यांवरचा भार एकदमच चढतो, आणि चढतो तोही नेमका ज्या वेळेसाठी कॅमेरे लावले त्याच वेळी. म्हणून खाली जो जो हिशेब येईल तो मी रात्रीचा धरणार आहे. उदाहरण आठ कॅमेऱ्यांचं घेते. तुमचे चार असोत की चाळीस, रीत तीच.

आधी कागद घ्या, मग सामान

"आठ कॅमेऱ्यांचा सेट द्या" म्हणून सुरुवात करू नका. प्रत्येक कॅमेऱ्याच्या नावापुढे दोन गोष्टी लिहा: तिथे काय ओळखू यायला हवं, आणि किती दिवस मागचं बघता यायला हवं.

पहिल्या गोष्टीसाठी आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत सरळ मोजमाप दिलेलं आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल पडायला हवेत. ओळखीच्या माणसाला ओळखायला १२५ पुरतात. नुसतं कोणीतरी आलंय एवढं कळायला २५ बास. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र साधारण २५६० पिक्सेल रुंद असतं. २५६० भागिले २५० केलं की उत्तर येतं जेमतेम दहा मीटर. म्हणजे चौकटीत दहा मीटरहून जास्त रुंदी घेतलीत की चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा भरवसा संपला. अख्खं पार्किंग एका कॅमेऱ्यात बसवून वर चोराचा चेहरा मागणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा. गेटवर अरुंद नजरेचा एक कॅमेरा वेगळा लावा, पार्किंगवर रुंद नजरेचा.

सगळीकडे ८ मेगापिक्सेल लावून टाकू, हा त्यावरचा उपाय नव्हे. सेन्सर तेवढाच ठेवून पिक्सेल वाढवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो, रात्री दाणे वाढतात, आणि ते दाणे साठवायला डिस्क तुम्हीच विकत घेता. फ्रेमचंही तसंच. सेकंदाला १२ ते १५ फ्रेम बहुतेक ठिकाणी पुरतात. रात्री धावत्या गाडीची नंबर प्लेट फराटल्यासारखी येते ती फ्रेम कमी पडतात म्हणून नाही, शटर हळू उघडझाप करतं म्हणून. फ्रेम २५ केल्या तर एका सेकंदात पंचवीस फराटे मिळतील.

डिस्कचा हिशेब

यासाठी एकच आकडा पाठ करा: १०.८. एक एमबीपीएसचा प्रवाह चोवीस तास वाहिला की १०.८ जीबी होतात. दहा लाख बिट गुणिले ८६,४०० सेकंद, भागिले ८. स्वतः करून खात्री करा. कोणत्याही कंपनीच्या कॅल्क्युलेटरच्या आत हाच गुणाकार असतो, फक्त त्यांनी बिटरेट (सेकंदाला वाहणारा डेटा) किती धरला ते पडद्याआड राहतं.

४ मेगापिक्सेल, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १५ फ्रेम अशा कॅमेऱ्याला दिवसा ४ एमबीपीएस धरू. आठ कॅमेऱ्यांचे ३२. ३२ गुणिले १०.८ म्हणजे रोजचे सुमारे ३४६ जीबी. १२ टीबीची डिस्क घेतली तर चौतीस दिवस चालेल. मागणी तीस दिवसांची होती, वर चार दिवस शिल्लक, सगळे खूश. घोडं पेंड खातं ते इथेच. तोच कॅमेरा रात्री ६ एमबीपीएसवर जातो. बारा तास चार आणि बारा तास सहा, म्हणजे सरासरी पाच. आठांचे ४०, रोजचे ४३२ जीबी, आणि तीच १२ टीबी अठ्ठाविसाव्या दिवशी भरते. त्याच दिवशी रेकॉर्डर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहायला लागतो, कोणालाही न विचारता.

ज्यांना तीस दिवस म्हणजे तीसच दिवस हवेत, त्यांनी सरासरीच्या भानगडीत पडू नये. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हीबीआर (चित्रानुसार बदलता बिटरेट) निवडलं की खाली कमाल बिटरेट भरायची जागा येते. तिथे जो आकडा भराल त्यावरच डिस्क मोजा. कमाल ६ असेल तर आठांचे ४८, रोजचे ५१८ जीबी, तीस दिवसांचे साडेपंधरा टीबी. १६ टीबी घ्या आणि निश्चिंत व्हा. (रेकॉर्डरच्या पडद्यावर १२ टीबीची डिस्क १०.९ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, रेकॉर्डर १०२४च्या. वरचा हिशेब डिस्कवाल्यांच्याच मापानं केलाय.)

"आम्ही फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवतो, त्यामुळे जागा कमी लागते" असं कोणी म्हणालं की मी आधी कॅमेऱ्याच्या तोंडाकडे बघते. तिथे किडे घोटाळतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळं विणतो. दिवसा ते दिसतही नाही. रात्री मात्र त्यातला एकच धागा, लेन्सपासून बोटभर अंतरावर, दिव्यांच्या थेट झोतात येतो आणि पडद्यावर जाड पांढरा दोर होऊन वाऱ्यावर नाचतो. रेकॉर्डरला ती अखंड हालचाल वाटते. रात्रभर रेकॉर्डिंग चालू राहतं, मोबाइलवर सूचनांचा पाऊस पडतो, आणि तिसऱ्या दिवशी वैतागून कोणीतरी सूचनाच बंद करून टाकतं. अशा ठिकाणी कॅमेऱ्यातले दिवे बंद करून इन्फ्रारेड दिवा दोनेक मीटर बाजूला वेगळा लावला की धागा झोताबाहेर जातो. तरीही जागेचा हिशेब मी चोवीस तासांच्या सलग रेकॉर्डिंगवरच करते. हालचालीच्या खुणा रेकॉर्डिंग शोधायला वापरा, वाचवायला नको.

एच.२६५ की एच.२६४? एच.२६५ घ्या, जागा बरीच वाचते. फक्त एक काळजी: तपास करणाऱ्याच्या संगणकावर ती फाइल उघडली पाहिजे. रेकॉर्डरमधून पेनड्राइव्हवर काढताना सोबत प्लेअरही देता येतो का, किंवा एमपी४मध्ये काढता येतं का, हे खरेदीच्या वेळीच बघा. वेळ आल्यावर शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आता डिस्क कोणती. संगणकातून काढलेली जुनी डिस्क रेकॉर्डरमध्ये घालू नका. ती दिवसाचे काही तास काम आणि बाकी आराम अशा वापरासाठी बनलेली असते. शिवाय खराब सेक्टर लागला की साधी डिस्क तो वाचायची पुन्हापुन्हा खटपट करत बसते आणि तेवढ्यात पुढचं रेकॉर्डिंग गळतं. वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक या मालिका चोवीस तास लिहिण्यासाठीच आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात वर्षाला १८० टीबी असा कामाचा भार दिलेला असतो. हा आकडा बघायचा, कारण आपले रोजचे ४३२ जीबी वर्षाला १५८ टीबी होतात, बसतं. त्याच एका डिस्कवर बारा कॅमेरे टाकलेत तर २३७ होतात आणि हद्द ओलांडते. मग एकतर दोन डिस्कमध्ये कॅमेरे वाटून द्या, नाहीतर पर्पल प्रो किंवा स्कायहॉक एआय अशा ५५० टीबीवाल्या मालिकेकडे जा. आणि माहितीपत्रकात सीएमआर (पट्टे वेगवेगळे ठेवणारी रचना) लिहिलंय ना ते बघा. एसएमआर डिस्कमध्ये पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यावर पुन्हा लिहायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. सतत पुसून लिहिण्याच्या कामाला हा प्रकार नको.

रेड (डिस्क एकत्र जोडून, एक मेली तरी रेकॉर्डिंग टिकवायची सोय) लावायचं का, हे सगळेच विचारतात. आठ-दहा कॅमेऱ्यांना माझं उत्तर नाही असं असतं. मोठ्या डिस्क असल्या की एक मेल्यावर दुसरी भरून यायला खूप तास जातात, आणि चोरानं रेकॉर्डरच उचलून नेला तर रेड त्याच्याबरोबर जातं. त्यापेक्षा महत्त्वाच्या दोन-तीन कॅमेऱ्यांत सतत लिहिण्यासाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्स मेमरी कार्ड घाला. रेकॉर्डर गेला, स्विच गेला, केबल कापली, तरी कॅमेऱ्याला वीज आहे तोवर तो स्वतःजवळ लिहीत राहतो. तीस-चाळीस कॅमेरे आणि रेकॉर्डिंग ठेवणं सक्तीचं असेल तर मात्र रेड हवंच, आणि मग ते दोन डिस्क मेल्या तरी तगणारं रेड ६ असू द्या.

रेकॉर्डर: चॅनेलचा आकडा शेवटी बघा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१६ चॅनेल' असतं. आतल्या पानावर बारीक अक्षरांत आवक बँडविड्थ (सगळ्या कॅमेऱ्यांकडून मिळून सेकंदाला किती डेटा आत घेता येतो) असते, ती आधी वाचा. ८० एमबीपीएस लिहिली असेल तर सोळा कॅमेऱ्यांना वाटून प्रत्येकी पाचच येतात. दिवसा ४ प्रमाणे ६४, मजेत. रात्री ६ प्रमाणे ९६, आणि रेकॉर्डर हात वर करतो: कुठे फ्रेम गळतात, कुठे शेवटचे कॅमेरे काळे पडतात. सोळा कॅमेऱ्यांना १६० एमबीपीएसचा रेकॉर्डर घ्या; आठांना ८० चालतो, कारण आपले रात्रीचे ४८ त्यात बसून वर जागा राहते.

दुसरा बारीक अक्षरातला आकडा डिकोडिंगचा. एकाच वेळी किती चित्रं पूर्ण दर्जात उलगडून दाखवता येतील, तो. रोज बघायला सबस्ट्रीम (त्याच चित्राचा कमी दर्जाचा, हलका प्रवाह) असते, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. चारही दिशांचे कॅमेरे एकाच क्षणाला मागे नेऊन बघायची वेळ येते तेव्हा स्वस्त रेकॉर्डर अडखळतो. तिसरं, आत डिस्कच्या जागा किती आणि एका जागेत जास्तीत जास्त किती टीबीची डिस्क ओळखतो. एकाच डिस्कची जागा असलेला रेकॉर्डर मी सहसा सुचवत नाही.

कॅमेरे एका कंपनीचे आणि रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा असेल तर ऑनव्हिफ हा शब्द बघाल. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ साली सुरू केलेली ही सामाईक भाषा. पण नुसतं 'ऑनव्हिफ चालतं' यावर जाऊ नका, प्रोफाइल विचारा. एच.२६५ आणि हालचालीच्या सूचना नीट यायला दोन्हीकडे प्रोफाइल टी हवं. नाहीतर चित्र येतं, हालचालीची खूण येत नाही, आणि दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतात.

पाठीमागेच पीओई (एकाच नेटवर्क केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही देणारे) पोर्ट असलेले रेकॉर्डर मिळतात. चार कॅमेऱ्यांच्या छोट्या जागेला उत्तम: केबल लावली की कॅमेरा दिसला. पण मग सगळ्या केबल रेकॉर्डरपर्यंतच आणाव्या लागतात, आणि रेकॉर्डर ज्या कपाटात कुलूपबंद असतो तिथे आधीच हवा खेळत नाही. मी वेगळा स्विच लावते.

स्विच: वॅट मोजा

संध्याकाळी सातला जाणाऱ्या त्या कॅमेऱ्याचं गुपित इथे आहे. दिवे बंद असताना कॅमेरा ५ वॅट घेतो, दिवे पेटल्यावर ९. आठांचे दिवसा ४०, रात्री ७२. स्विच आठ पोर्टचा, प्रत्येक पोर्टवर पीओई, पण सगळ्यांना मिळून देण्याची ताकद ६० वॅट. हा एकूण आकडा म्हणजे पीओई बजेट, आणि तो पोर्टच्या आकड्याइतक्या ठळक अक्षरांत कोणी छापत नाही.

अशा जागी तिन्हीसांजेला कॅमेऱ्याखाली उभं राहून बघा. आत फिल्टर सरकल्याचा बारीक 'टक' असा आवाज येतो, दिवे मंद लाल होतात. एकेक करत कॅमेऱ्यांचे दिवे लागतात, बजेट संपतं, स्विच सगळ्यात कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडतो. बऱ्याच स्विचमध्ये तो शेवटच्या क्रमांकाचा पोर्ट असतो. कॅमेरा विझला की भार उतरतो, स्विच पुन्हा वीज देतो, कॅमेरा दिवे न लावता उठतो, चित्र येतं. मग अंधार कळतो, पुन्हा टक, पुन्हा दिवे, पुन्हा अंधार. हे चक्र उजाडेपर्यंत. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तुकडे सापडतात, म्हणून लोक कॅमेरा बदलतात. नवा कॅमेराही तेच करतो.

तर बजेट असं काढा: माहितीपत्रकातला कॅमेऱ्याचा कमाल वॅट, गुणिले कॅमेरे, वर तीसेक टक्के. ७२चे सुमारे ९४ होतात. १२० वॅटचा स्विच घ्या, पुढे एखादा कॅमेरा वाढेलच. पोर्टपुरतं बोलायचं तर २००३च्या ८०२.३एएफमध्ये पोर्टवर १५.४ वॅट मिळतात आणि शंभर मीटरच्या टोकाला कॅमेऱ्याला १२.९५ची खात्री असते. साध्या कॅमेऱ्याला तेवढे पुरे. फिरणाऱ्या, लांबचे दिवे असलेल्या कॅमेऱ्याला २००९चं ८०२.३एटी लागतं, ३० वॅटचं. त्यावरचं ८०२.३बीटी, २०१८चं, ६० ते ९० वॅटचं; ते काचेला हीटर असलेल्या मोठ्या फिरत्या कॅमेऱ्यांसाठी. काही स्विच प्रत्यक्ष वापर न बघता कॅमेऱ्यानं सांगितलेल्या वर्गाप्रमाणे वीज राखून ठेवतात. तिसऱ्या वर्गाचा कॅमेरा म्हणजे १५.४ वॅट राखीव, मग ६० वॅटच्या स्विचवर तीनच कॅमेरे चालू होतात आणि चौथा दिवसाही उठत नाही. ही सेटिंग बहुतेक वेळा बदलता येते, पण त्यासाठी स्विच मॅनेज्ड (ब्राउझरमध्ये उघडून सेटिंग बदलता येणारा) हवा.

आणि मॅनेज्डच घ्या. त्याच्या पानावर प्रत्येक पोर्ट किती वॅट ओढतोय ते दिसतं. अडकलेला कॅमेरा शिडी न लावता, पोर्टची वीज बंद-चालू करून उठवता येतो. शिवाय व्हीलॅन (त्याच स्विचवर काही पोर्टचं वेगळं जाळं करायची सोय) मिळतं, त्याचं पुढे सांगते. २४ व्होल्टचं 'पॅसिव्ह पीओई' लिहिलेलं काही दिसलं तर लांब राहा. ते समोर कोण आहे हे न विचारताच वीज सोडतं.

वेगाची चिंता फार करू नका. कॅमेऱ्याच्या पोर्टला १०० एमबीपीएस भरपूर झाले. मात्र स्विचपासून रेकॉर्डरपर्यंतची जोडणी गिगाबिट हवी. सोळा कॅमेऱ्यांची मिळून सरासरी ८० एमबीपीएसच असली तरी कॅमेरे डेटा सारख्या धारेनं सोडत नाहीत. दर एक-दोन सेकंदांनी पूर्ण फ्रेम निघते, आणि सोळा कॅमेऱ्यांच्या पूर्ण फ्रेम एकाच क्षणी निघाल्या की दाराशी शाळा सुटल्यासारखी गर्दी होते. १०० एमबीपीएसच्या दारात तेव्हा पॅकेट गळतात आणि चित्र राखाडी चौकोनांनी फाटतं.

केबल

कॅट-५ई पुरते, कॅट-६ असेल तर उत्तम, पण दोन्हीत तांबं हवं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास 'कॅट-६' म्हणून विकली जाते. खोका हलका लागतो ही पहिली खूण. तार ब्लेडनं खरवडली की आत पांढरी निघते. पक्की खात्री मल्टिमीटरनं: ३०५ मीटरच्या खोक्यातून दोन्ही टोकं बाहेर काढा आणि एकाच रंगाच्या तारेचा रोध मोजा. २४ गेजचं तांबं असेल तर २६ ते २९ ओहम दिसतील. ॲल्युमिनियम असेल तर चाळिशीच्या आसपास. ही तार वाकवली की लवकर तुटते आणि क्रिंप केलेल्या जागी कालांतरानं सैल पडते. भिंतीत एकदा गेलेली केबल बदलायला घर फोडावं लागतं, तेव्हा बाकी कुठे काटकसर करायची तर करा, इथे नको.

१२ व्होल्टचा ॲडाप्टर लावून केबलच्या रिकाम्या जोड्यांतून वीज पाठवायची पद्धत अजून चालते. ४० मीटरचा हिशेब करा. एक जोडी जायला, एक यायला, मिळून साडेतीन ओहमच्या आत. दिवसा ५ वॅटला दीडेक व्होल्ट वाटेत मुरतात, कॅमेरा तग धरतो. रात्री ९ वॅटला अडीच व्होल्टहून जास्त मुरतात, कॅमेऱ्यापाशी साडेनऊही पोचत नाहीत आणि तो दिवे लावता लावता बंद पडतो. ॲल्युमिनियमची तार असेल तर साडेआठच्याही खाली. पीओईमध्ये व्होल्टेज ४८च्या आसपास असल्यामुळे करंट चौपट कमी लागतो आणि हे दुखणं उरतच नाही.

इथरनेटची हद्द शंभर मीटर. स्विचवर 'एक्स्टेंड २५० मीटर' असं बटण असतं. ते दाबलं की पोर्ट १० एमबीपीएसवर येतो. सहा एमबीपीएसचा कॅमेरा त्यात कागदावर बसतो, पण पूर्ण फ्रेमच्या वेळी घुसमटतो. तात्पुरतं ठीक. दोन इमारतींमध्ये तर अंतर कितीही कमी असो, फायबरच टाका. वीज कडाडली की तांब्याच्या केबलमधून झटका आत येतो आणि स्विच, रेकॉर्डर दोन्ही घेऊन जातो. काचेतून तो येऊ शकत नाही. वायफायचे कॅमेरे जिथे केबल नेताच येत नाही तिथे एखाद-दुसरा ठेवावा, त्यावर यंत्रणा उभी करू नये.

बाहेरच्या जगापासून

२०१६ साली मिराई नावाचा व्हायरस इंटरनेटवर फिरला. त्यानं फार हुशारीचं काही केलं नाही: कारखान्यातून आलेले साठाहून अधिक यूजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून बघितले आणि ढिगानं कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला या फौजेनं डाइन (Dyn) या, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. ज्यांच्या भिंतीवरचे कॅमेरे त्यात सामील होते त्यांना पत्ताही नव्हता.

म्हणून कॅमेऱ्यांचं व्हीलॅन वेगळं करा आणि त्याला इंटरनेटचा रस्ताच देऊ नका. कॅमेऱ्याला फक्त रेकॉर्डर दिसला पाहिजे. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट आत यायची वाट) करू नका, अशी वाट आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद ठेवा. बाहेरून बघायचं तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (बाहेरून आत यायचा कुलूपबंद रस्ता) चालवू शकेल असा राउटर घ्या. बघताना खर्च होतो तो तुमच्या जोडणीचा अपलोड, त्यामुळे मोबाइलवर सबस्ट्रीम लावा. इंटरनेट तोडल्यावर कॅमेऱ्यांची घड्याळं भरकटतात, म्हणून रेकॉर्डरमध्ये एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारा) सर्व्हर असतो का ते बघून सगळ्या कॅमेऱ्यांना त्याच्याकडून वेळ घ्यायला लावा. दोन कॅमेऱ्यांत चार मिनिटांचा फरक असला की माणूस बाहेर पडल्यावर आत शिरताना दिसतो.

यूपीएसचा आकडाही रात्रीचाच: कॅमेरे ७२, स्विचचं स्वतःचं, रेकॉर्डर, डिस्क, राउटर मिळून १२० वॅट धरा. छोट्या यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ एएच बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास असतात. रूपांतरात काही जातात, बाकीच्यांवर अर्धा तासही निघत नाही. दोन तास हवे असतील तर बाहेरच्या मोठ्या बॅटऱ्यांचा यूपीएस घ्या. राउटर आणि वाटेतले छोटे स्विचही त्यावरच जोडा. एक मधला स्विच साध्या सॉकेटवर राहिला की त्यामागचे सगळे कॅमेरे वीज गेल्या क्षणी आंधळे.

पैसे चुकते करण्याआधी

रात्र व्हायची वाट बघायची गरज नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये दिवस-रात्र बदलाचा पर्याय असतो. तो 'स्वयंचलित'वरून 'रात्र' करा आणि इन्फ्रारेड पूर्ण ताकदीवर ठेवा. आठही कॅमेऱ्यांना हे केलं की स्विचच्या पानावर एकूण वॅट वाचा आणि बजेटशी ताडून बघा. अर्धा तास तसंच राहू द्या. कोणता कॅमेरा पुन्हा सुरू झाला का ते रेकॉर्डरच्या नोंदींत दिसेल. मग मुख्य वीज बंद करून यूपीएसवर किती मिनिटं निघतात ते घड्याळ लावून मोजा.

बिटरेटसाठी मात्र खरी रात्र लागते, कारण दिवसाच्या उजेडात दाणे येत नाहीत. पहिल्याच रात्री अकराच्या सुमाराला रेकॉर्डरमध्ये प्रत्येक चॅनेलचा चालू बिटरेट बघा, बेरीज करा, १०.८नं गुणा, डिस्कला त्यानं भागा. आलेले दिवस कबूल केलेल्या दिवसांपेक्षा कमी असतील तर डिस्क बदलून मागायची वेळ तीच. एकतिसाव्या दिवशी पुन्हा एकदा रेकॉर्डर उघडून सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते बघा, एखाद्या रात्रीचा पाच मिनिटांचा तुकडा पेनड्राइव्हवर काढा, आणि तो दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर उघडून दाखवायला सांगा.